पोथीत नसलेला चोर

मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा, शके १९४७, शुक्रवार. चारठाणा.

ज्याच्या कृपेवाचून लेखणी उचलत नाही, आणि उचलली तरी खरे उमटत नाही, त्या दयाघनाला वंदन. जी वाचा देते, अर्थ देते आणि वेळीच मौनही देते, त्या शारदेला वंदन. ज्या गुरूंनी माझ्या गळ्यात उपरणे घातले आणि हाती चिपळ्या दिल्या, त्यांच्या चरणी हे एक्याऐंशी वर्षांचे मस्तक.

जुनी वही काल संपली, म्हणून ही नवी. पौष पौर्णिमेला माझे सहस्रचंद्रदर्शन करण्याचे शिष्यमंडळींनी ठरविले आहे. हजार पूर्णचंद्र पाहिलेल्या माणसाने निर्भय असावे, असे शास्त्रात नसले तरी लोकांच्या मनात असते. मी निर्भय नाही. कालपासून छातीत काहीतरी फडफडते आहे. पत्नी नर्मदाबाई म्हणाली, पित्त असेल. मीही तसेच मानले.

काल दत्तजयंतीनिमित्त मंदिराच्या आवारात माझा शिष्य आदिनाथ कीर्तनास उभा होता. उत्तररंगात त्याने साधू आणि चोराचे आख्यान घेतले. साधूच्या घरात चोर शिरतो. त्याला गाठोडे पेलत नाही, तेव्हा साधू स्वतः उठून ते त्याच्या डोक्यावर चढवून देतो. पोथीतले मूळ आख्यान दयेचे आहे. आदिनाथच्या आख्यानातला चोर म्हणजे झिंग्या पारधी. तो डोळे तिरपे करतो, खांदे पाडून चालतो, आणि पकडला गेला की हात पुढे करून बोबडे बोलतो, "म्या न्हाई वो मालक, ह्या हातानं केलं!" हे वाक्य आता लेकराबाळांच्या तोंडी आहे. लाखो लोकांनी ते मोबाईलवर पाहिले, आणि कोण्या कंपनीने झिंग्यावर मालिकाही काढली आहे.

या झिंग्याविरुद्ध डॉ. मनकर्णा काळे हिने वर्तमानपत्रात लेख लिहिला. ती स्वतः पारधी समाजाची, परभणीच्या महाविद्यालयात मराठीची प्राध्यापिका, आणि एके काळची माझी विद्यार्थिनी. काल आदिनाथ गादीवरून गरजला, "ज्या बाईनं आपल्या पोथीला बोट लावलंय, तिला इचारा, तू शिकलीस कुणापाशी? माझे गुरू हितं बसलेत. त्यांच्याच बाडातून म्या हे आख्यान घेतलंय!"

हजार माणसे माझ्याकडे वळून पाहू लागली. मी हात जोडले. फडफड सुरू झाली ती त्या क्षणी.

संकष्टी चतुर्थी, रविवार.

मनकर्णा आली होती. तिचा भाऊ भुजंग जिंतूर-परभणी रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवितो. तोच तिला घेऊन आला. नर्मदाबाईने त्याला आत बोलाविले.

"असू द्या काकू, आमी हितंच बरे हाव," तो दारातून म्हणाला. "गाडी सोडली की पोरं टायरात खिळे ठोकायलेत."

मनकर्णा एक्कावन्न वर्षांची झाली, केस पांढरे झाले. पण पाय धुऊन, पदर सावरून बसण्याची रीत तीच. तीस वर्षे तिने एकच काम केले: चित्रपटांत, मालिकांत, गुन्ह्यांच्या कार्यक्रमांत चोर कोण असतो, हे पाहणे. त्याचा रंग, त्याचे बोलणे, त्याचे आडनाव ती टिपून ठेवते.

"तीनशे बारा चोर झाले, गुरुजी," ती म्हणाली. "त्यात आमचेच इतके आहेत, की तेवढी माणसं आमच्या वस्तीवर नाहीत. रंगभूषेवाल्याला मी एकदा विचारलं, याचं तोंड अजून काळं का करता? तो म्हणाला, बाई, नाहीतर लोकांना कळणार कसं?"

"कोणी ऐकले का तुझे?"

"एकदा ऐकलं. चोराचं आडनाव बदललं."

बाहेरून भुजंग ओरडला, "बदलून काय ठिवलं ते सांग की अक्का! पवारचं काळे केलं! आपलंच!"

नर्मदाबाई हसली. मनकर्णाही हसली. मग तिने सांगितले, की पोथीची विटंबना केली अशी तक्रार तिच्याविरुद्ध होत आहे. अटकही होईल. तिच्या खिडकीवर दगड आले आहेत. लेख फक्त झिंग्यावर आहे. झिंग्या पोथीत असेल तर ती दोषी, नसेल तर तक्रारीला आधारच उरत नाही.

"म्हणून विचारायला आले. झिंग्या कोणत्या पोथीत आहे, गुरुजी?"

मी म्हणालो, "परंपरेत आहे."

"पान बघायला मिळेल?"

मी सांगितले, की पोथी अत्यंत जीर्ण आहे, बासनातून काढवत नाही. ती बरे म्हणाली. आम्ही बोलत होतो तेव्हा पोथी चौरंगावर उघडीच होती, सकाळच्या वाचनाचे बेलपान तिच्यावर तसेच होते, हे माझ्या नंतर ध्यानात आले. तिने ते पाहिले नसावे.

जाताना तिने विचारले, "तुम्ही अजून रोज लिहिता का? वर्गात सांगायचात, ज्यानं दिवस लिहिला त्यानं दिवस झाकला नाही." इतक्या वर्षांनी तिला ते स्मरते, याचे मला समाधान वाटले.

वद्य पंचमी, मंगळवार.

आज कीर्तनाचे बाड काढले. सर्व आख्याने मी त्यात स्वहस्ते उतरविली आहेत. साधू आणि चोराच्या पानावर मजकूर पोथीप्रमाणेच आहे: "कोणी एक तस्कर." त्याला गाव नाही, नाव नाही, जात नाही. आणि समासात, त्याच अक्षरात: "चोर पारधी करावा. नाव झिंग्या. हात पुढे करणे. लोक हसतात."

अक्षर माझे. शाई माझी.

शिष्याने गुरूचे बाड जसेच्या तसे उतरवून घ्यावे, कानामात्रा बदलू नये, अशी आमची रीत. आदिनाथने समासही मजकुरात उतरविला. त्याने आज्ञाच पाळली. त्याच्याकडून त्याच्या शिष्यांनी घेतले, त्यांच्याकडून मोबाईलने. पोथी रचणाऱ्यालाही जे सुचले नाही, ते माझ्या समासातून शिरले.

कोणाला कळेल? बाड माझ्याजवळ आहे. मी ते खालच्या फळीवर ठेवले. नंतर उचलून धान्याच्या कोठीमागे ठेवले. हे लिहिताना माझी मलाच भीती वाटते.

सफला एकादशी, सोमवार.

झरीच्या थांब्यावर भुजंगला मारले. भाजीवाल्या बाईने नर्मदाबाईला सांगितले. कोणा प्रवाशाची पिशवी हरवली. कोणीतरी ओरडले, ड्रायव्हर कोण आहे पाहा. मग त्याला हात पुढे करायला लावले. "म्हण, म्या न्हाई, ह्या हातानं केलं!" तो म्हणाला नाही. त्याच हातावर काठी मारली. पिशवी नंतर टपावर सापडली.

मला समाचाराला जायला हवे होते. गेलो नाही. उपवास होता, असे मी स्वतःला सांगितले. उपवासाने माणूस झरीपर्यंत जाऊ शकत नाही, असे कोठेही लिहिलेले नाही.

जप करताना माळ तीन वेळा हातातून सुटली.

अमावास्या, शुक्रवार.

मनकर्णाविरुद्ध तक्रार झाली. तिने अटकपूर्व जामिनासाठी अर्ज केला आहे. सुनावणी पौर्णिमेनंतरच्या सोमवारी, परभणीस.

दुपारी आदिनाथ आला. त्याने साष्टांग नमस्कार घातला. सोबत सोहळ्याची पत्रिका होती; तीवर माझ्या नावामागे इतक्या पदव्या होत्या, की नाव शोधावे लागले. पत्रिकेखालून त्याने एक टंकलिखित कागद काढला.

"हे वकिलानं केलंय, गुरुजी. वाचायची गरज न्हाई. झिंग्याचं आख्यान पूर्वापार पोथीतलं हाय, एवढंच."

"आदिनाथ, तू पोथी पाहिली आहेस?"

"तुमचं बाड पाह्यलंय की. तुमचं बाड म्हणजेच माही पोथी."

हे त्याने अगदी निर्मळपणे म्हटले. तो लबाड नाही. माझे लबाडाशी काम पडले असते, तर मला सोपे गेले असते.

"लोक लय तापलेत," तो हळूच म्हणाला. "आता माह्या हातात न्हाई राह्यलं. तुमी सही केली की थंड व्हतील. न्हाई केली तर... काकू घरी एकट्या असतात ना दुपारच्या?"

त्याने काळजीपोटीच विचारले असावे.

मी सही केली. हात सही करीत असताना मी खिडकीबाहेरच्या तुळशीकडे पाहत होतो, जणू तो हात दुसऱ्या कोणाचा होता.

पौष शुद्ध चतुर्थी, बुधवार.

चार दिवस काही लिहिले नाही. अन्न जात नाही. दारात मोटारसायकल थांबली की मी उठून कडी पाहतो.

आज माळ्यावरची पेटी काढली. तीत पन्नास वर्षांच्या माझ्या दैनंदिन्या आहेत.

"सही करून मोकळे झालात ना?" नर्मदाबाई म्हणाली. "मग आता पेटी कशाला उघडायलात?"

शके एकोणीसशे पाचची वही काढली आणि माघातली नोंद सापडली. ती येथे उतरवितो, एकही अक्षर न गाळता:

"आज यात्रेचे कीर्तन. उत्तररंगात मंडळी पेंगू लागली. आयत्या वेळी सुचले, चोरास पारधी केले, झिंग्या नाव दिले, बोबडे बोलविले. लोक पोट धरून हसले, शेवटपर्यंत एक जण उठला नाही. बाडात टिपून ठेवले. उत्तम झाले. दाराशी काळ्यांची ती नवी मुलगी बसली होती, जिला मी कालपासून वर्गात घेतले. ती हसली नाही. तिला कळले नसावे."

मी वही मिटली. नर्मदाबाई पाठीमागे उभी होती. तिला वाचता येते हे मी कधी कधी विसरतो.

"मी होते तिथं, बायकांत," ती म्हणाली. "मी पण हसले होते. ती पोर माझ्या शेजारी येऊन बसली अन् माझा पदर असा मुठीत आवळून धरला, की घरी येऊन बघते तर काठ उसवलेला."

"मला तू हे कधी सांगितले नाहीस."

"तुम्ही इतके खूश होतात त्या दिवशी."

पौष शुद्ध नवमी, सोमवार.

मनकर्णाला दूरध्वनी केला. ती आली. भुजंग या वेळीही दारातच राहिला. उजवा हात गळ्यात बांधलेला, गाडी चालवायला दुसऱ्या कोणाला आणले होते. मी उठून त्याच्यापर्यंत गेलो. तोच म्हणाला, "हाड जुळंल, गुरुजी. म्हाताऱ्यानं उनात उभं राहू नये."

आत येऊन मी मनकर्णापुढे बाड ठेवले. वर जुनी दैनंदिनी ठेवली. ती वाचीत होती तेव्हा मी तिच्याकडे पाहू शकलो नाही. शेवटी ती म्हणाली, "'कळले नसावे' हे तुम्ही अधोरेखित केलंय."

"तुला ठाऊक होते?"

"झिंग्या तुमचा आहे हे ठाऊक होतं. शाळेत मला वर्षभर झिंगी म्हणायचे. आमच्या घरात बोलतात तसा तो एक शब्दही बोलत नाही, गुरुजी. आमची बोली तुम्ही कधी ऐकलीच नव्हती. ते बोबडेपण सगळं तुमच्या मनातलं."

"मग तेव्हाच का बोलली नाहीस? ते सोड. तीस वर्षांत तीनशे बारा चोर लिहिलेस, त्यात माझा का नाही लिहिलास?"

ती पुन्हा पानाकडे पाहू लागली. "मला संस्कृत शिकायचं होतं," ती म्हणाली. "तुमच्याशिवाय मला कोण शिकवणार होतं? दुसऱ्या कुणी वर्गात घेतलं नव्हतं."

नर्मदाबाई चहा घेऊन आली ती तशीच उभी राहिली.

मी मनकर्णाला सांगितले, की मी खोट्या कागदावर सही केली आहे. तिचा चेहरा उतरला. नवे शपथपत्र द्यावे लागेल, ती म्हणाली. पहिले खोटे होते हे मला न्यायाधीशांपुढे सांगावे लागेल, आणि त्याचे जे होईल ते सोसावे लागेल. दोन्ही वह्या आणि हल्लीची दैनंदिनीही लागेल. "पण सोहळा होऊ द्या. त्या गर्दीत काही बोलू नका. मला तुमचं भाषण नको, वही पुरे. तुम्हाला काही झालं तर तेही माझ्याच नावावर लिहितील."

मी मान डोलावली. गर्दीत बोलायचे नाही, हे ऐकून मला सुटल्यासारखे वाटले. हेही लिहून ठेवतो.

पौष पौर्णिमा, शनिवार.

खांदा दुखतो आहे, अक्षर वाकडे येईल.

सोहळा सूर्यास्ताला होता. मंदिराचे आवार भरले होते. मला तुपाच्या दिव्यांनी ओवाळले. पूर्वेला चंद्र वर आला, आणि आदिनाथ गादीवर उभा राहून म्हणाला, "आज गुरुजींच्या पोथीतूनच झिंग्याचं आख्यान वाचू! बघू कोण न्हाई म्हणतंय!"

गर्दी गरजली. पोथी मीच घेऊन आलो होतो. रीतच आहे, सत्काराला पोथी सोबत असते. मी बोलणार नव्हतो. मनकर्णाला तसा शब्द दिला होता. पण ज्या गादीवरून खोटे बोलू नये असे माझ्या गुरूंनी मला शिकविले, तिच्यावर माझा शिष्य मी पेरलेले खोटे उच्चारायला उभा होता. मी बासन सोडले. पान काढले. पोथी त्याच्या हाती दिली.

"वाच," मी म्हणालो. "चोर कोण, ते मोठ्याने वाच."

त्याने आनंदाने सुरुवात केली. "साधूचिया गृहीं..." आणि थांबला. पुन्हा तीच ओळ वाचली. पान उलटून मागे पाहिले, मग पुढे पाहिले.

"गुरुजी, हितं तर... कोणी एक..."

ध्वनिक्षेपकावर ते सर्वांना ऐकू गेले.

"पुढे नाही," मी म्हणालो. "तुला जे सापडत नाही ते माझ्या बाडाच्या समासात आहे. मी लिहिले. यात्रेत लोक पेंगत होते म्हणून लिहिले. पोथी निर्दोष आहे, आणि तिला बोट लावणारी ती बाई नव्हे. मी आहे."

मग मागून कोणीतरी, झिंग्याची नक्कल करीत, हात पुढे करून ओरडले, "म्या न्हाई वो मालक, ह्या हातानं केलं!"

लोक हसले. प्रथमच ते माझ्यावर हसत होते. मला कळले, की हे हसू आतून कसे ऐकू येते.

मी उजवा हात वर केला. "होय," मी म्हणालो. "ह्याच हाताने. आणि हा हात माझा आहे."

नंतरचे मला नीट स्मरत नाही. खुर्च्या पडल्या. एक नारळ माझ्या खांद्याला लागला. आदिनाथ पोथी छातीशी धरून रडत होता. ती त्याने खाली पडू दिली नाही, एवढे मी पाहिले. नर्मदाबाई गर्दीतून आली आणि मला दंडाला धरून घरी घेऊन आली.

पौष वद्य प्रतिपदा, रविवार.

दारावर कोणीतरी काळे फासले आहे. खांदा सुजला आहे. छातीतली फडफड गेलेली नाही. मला वाटले होते, खरे बोलल्यावर भय जाते. जात नाही. आता ते माझ्या शेजारी बसते इतकेच, आणि पूर्वी ते पाठीमागे असे.

आदिनाथ आला नाही. पोथी सकाळी दाराशी ठेवलेली सापडली, नव्या बासनात बांधलेली.

मनकर्णाचा दूरध्वनी आला. ती रागावली होती. "मी नको म्हटलं होतं ना!" मग म्हणाली, "खांद्याला हळद लावली का?"

उद्या पहाटे भुजंगची गाडी येईल. न्यायालयात काय होईल ते मला ठाऊक नाही. तिला जामीन मिळो वा न मिळो, खोटी सही केल्याबद्दल मला जे मिळायचे ते मिळो. बाड, जुनी दैनंदिनी आणि ही वही, तिन्ही एका फडक्यात बांधून ठेवीत आहे. नर्मदाबाईने भुजंगसाठी दशम्या केल्या आहेत. तो आत येणार नाही, हे तिला माहीत आहे. म्हणून तिने दारातच पाट टाकून ठेवला आहे, आणि शेजारी दुसरा माझ्यासाठी.

ही वही मी माझ्या एकट्यासाठी लिहीत होतो. उद्या ती परक्या हातांत जाईल. ज्या कारकुनाला हे वाकडे अक्षर लावावे लागेल, त्याच्या डोळ्यांना ज्योत लाभो. जो विरोधी वकील यात माझे खोटे शोधील, त्याला ते सर्व सापडो, आणि सापडल्यावर त्याच्या मनाला शांती लाभो. ज्याने नारळ फेकला, ज्याने दाराला काळे फासले, ज्याने झरीच्या थांब्यावर काठी उचलली, त्यांच्या लेकरांवर कोणी कधी न हसो. आणि जो कोणी, जेव्हा केव्हा, हे वाचील, त्याच्या घरी चोर आला तर तो नुसता कोणी एक असो, आणि त्याचे गाठोडे उचलून देण्याइतके बळ वाचणाऱ्याच्या हातांत असो.

शुभं भवतु.